कसुती: गवंतीचा चौकोन परतीच्या फेरीत चुकतो, मागची बाजू जुळत नाही

काळी_चंद्रकळा:

काळ्या सुती इरकलवर कसुती (धारवाडकडचं, घरं मोजून करायचं भरतकाम) सुरू केली आहे. सहावारी, लाल टोपपदर. पदराच्या अलीकडे गोपुरांची एक ओळ आणि तिच्या वर लहान नक्षत्रं विखरून, असा बेत आहे. साडीवर इंचाला 14 घरांचा कॅनव्हास (घरं मोजायची जाळी, काम झालं की तिचे धागे ओढून काढायचे) टाचलाय. सहातारी सुती धाग्याच्या 2 तारा घेते, सुई टोकदार, 9 नंबर. साडीवर जायच्या आधी त्याच काळ्या कापडाच्या तुकड्यावर एक गोपुर करून पाहिलं. त्यात हे घोळ झाले:

1) गवंतीची (जाताना एक घर वरून, एक खालून आणि परतताना मोकळी घरं भरायची, असा दुहेरी धावदोरा) सरळ ओळ दोन्ही बाजूंनी छान येते. पण गोपुराच्या पायथ्याचा चौकोन आणि कळसाखालचा शंकरपाळा काही केल्या जमत नाही. पहिली फेरी एक घर वर, एक घर खाली अशी घातली. दुसऱ्या फेरीला सुई नेमकी आधीच्याच टाक्यांवर येते आणि मोकळी घरं मोकळीच राहतात. मोजणी चार वेळा तपासली, चूक सापडली नाही.

2) जिथे परतीची ओळ जमते तिथेही ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

3) कॅनव्हासचे धागे ओढून काढले तर टाके सैल पडले. तीन-चार धागे निघेचनात, आतच तुटले.

4) लाल धागा रंग सोडेल अशी शंका आहे. मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो म्हणतात, ते खरं का?

5) गाठ मारायची नाही हे माहीत आहे. मग सुरुवातीचं टोक अडकवायचं कुठे?

दोनतारी:

पहिल्या प्रश्नात मोजणी बरोबर आहे, वाट चुकली आहे. बंद आकाराला दुसरी फेरी त्याच दिशेने घालायची नसते. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने, उलट दिशेने, मागे यायचं.

कारण साधं आहे. गवंतीत सुईचं एक पाऊल वरून, एक खालून, पुन्हा एक वरून. चौकोनाला 4 टाके धरा: पहिला वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली. आता त्याच दिशेने पुढे गेलात तर पाचवं पाऊल वर, आणि ते पडतं पहिल्याच जागी, जिथे वरचा टाका आधीच आहे. बाजूंचे टाके एकूण सम असले की हे होणारच. कॅनव्हासवर आडव्या-उभ्या टाक्यांचा कुठलाही बंद आकार समच येतो, म्हणून कितीही मोजलं तरी सुटका नाही. तिरके टाके घेऊन तीन बाजूंचा त्रिकोण केला तर तो एकाच दिशेने दोनदा फिरून चालतो. लोकांना वाटतं त्रिकोण जमतो म्हणजे पद्धत बरोबर, आणि चौकोनाला अडकतात.

उलट फिरलात तर चौथं पाऊल खालून गेलं होतं, पाचवं त्याच बाजूवर वरून येतं. सहावं तिसऱ्या बाजूखालून, सातवं दुसरीवरून, आठवं पहिलीखालून. चारही बाजू वरून एकदा आणि खालून एकदा झाल्या.

फांद्यांनाही हाच नियम. एका चिठ्ठीवर हे काढून बघा, मग गोपुर सोपं जाईल. आडवी ओळ 6 घरांची, छेदांना (सुई जिथून जाते त्या छिद्रांना) 0 ते 6 नंबर द्या. 3 नंबरच्या छेदापासून वर 2 घरांची फांदी काढा, छेद क आणि ख.

0 मधून सुई वर. 0–1 वरून, 1–2 खालून, 2–3 वरून. आता ओळ पुढे न नेता फांदीत शिरा: 3–क खालून, क–ख वरून. टोक आलं, लगेच मागे: ख–क खालून, क–3 वरून. मग ओळ पुढे: 3–4 खालून, 4–5 वरून, 5–6 खालून. शेवटापासून परत: 6–5 वरून, 5–4 खालून, 4–3 वरून, 3–2 खालून, 2–1 वरून, 1–0 खालून. एकूण 8 घरं, 16 पावलं. प्रत्येक घर वरून एकदा, खालून एकदा भरलं, आणि सुई जिथून निघाली तिथेच परत आली.

परतताना फांदीकडे बघायचंसुद्धा नाही, ती जातानाच पुरी झालेली असते. बहुतेक चुका इथेच होतात. फांदी जाताना फक्त एकदा घालून टाकतात आणि परतीला तिच्यात शिरायचं विसरतात.

मेथीदाणा:

दोनतारींनी वाट नीट सांगितलीच आहे. फक्त एक खुलासा, कारण ही गोष्ट सगळीकडे चुकीची लिहिलेली असते. ‘कसुती म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी’ हे अर्धंच खरं आहे. धारवाडकडच्या या कामात टाके चार: गवंती, मुरगी, नेयगे, मेंथे. दोन्ही बाजू सारख्या येतात त्या फक्त गवंती आणि मुरगीत.

नेयगे म्हणजे विणणं. आडव्या ओळींत लहान-मोठे धावदोरे, ओळीमागून ओळ. वरून जिथे 3 घरं भरली तिथे मागे मोकळं, वरून मोकळं तिथे मागे भरलेलं. नक्षी मागे उलटी उमटते, सारखी नाही. मेंथे म्हणजे कन्नडमध्ये मेथी, दाण्यांसारखे फुलीचे टाके. मागे फुली येत नाही, उभ्या-आडव्या रेघा येतात. धागाही सगळ्यात जास्त तोच खातो. त्यामुळे कोणी मेंथेची मागची बाजू बघून ‘ही खरी कसुती नव्हे’ म्हणालं तर मनावर घेऊ नका.

मुरगी ही पायऱ्यांची गवंतीच. एक आडवा, एक उभा, एक आडवा. जाताना वरून फक्त आडवे टाके दिसतात, उभे सगळे खाली जातात. कापडावर सुट्या रेघा तरंगल्यासारख्या दिसतात आणि नवशिके घाबरून उसवतात. उसवू नका, परतीला उभे टाके भरले की पायऱ्या जुळतात. तुमचा शंकरपाळा बहुधा मुरगीचाच असणार. तो पायऱ्यांनी बनलेला बंद आकार आहे, म्हणजे टाके सम, म्हणजे उलट फिरणं आलंच.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. करवतीसारखी ओळ येण्याची कारणं दोन. एक, परतीला सुई आधीच्या टाक्याची तार फोडून जाते. टोकदार सुईने हे हमखास होतं. दुसरं, एकाच छेदात दोन धागे असतात, त्यात नवा धागा कधी जुन्याच्या वरच्या अंगाला बसतो, कधी खालच्या. उपाय असा: आडव्या ओळीत परतताना सुई वर काढायची ती नेहमी जुन्या टाक्याच्या खालच्या अंगाने, आणि खाली घालायची ती पुढच्या जुन्या टाक्याच्या वरच्या अंगाने. उलटं केलंत तरी चालेल, पण एका साडीवर एकच ठरवा. प्रत्येक टाका त्यामुळे अगदी किंचित तिरका बसतो, पण सगळे एकाच बाजूला झुकलेले असल्याने ओळ सरळ भासते. उभ्या ओळीला वर-खालीच्या जागी डावं-उजवं.

कापड रिंगवर धरून सुई एक टाका वर, एक टाका खाली अशी घाला. चार टाके एकदम सुईवर उचलून ओढायची धावदोऱ्याची सवय इथे चालत नाही. जाताना खपून जाते, परतीला छेद चुकतात.

उसवण:

कॅनव्हासचा प्रश्न. न निघालेले धागे तुटले, कारण टाके घालताना सुई त्यांच्या आरपार गेली आहे. सुई छेदात, म्हणजे धाग्यांच्या मधल्या छिद्रात, पडली पाहिजे. कॅनव्हासचा धागा एकदा टाक्याने शिवला गेला की तो ओढून निघत नाही. तसा धागा दिसला तर जोर लावू नका. दोन्ही बाजूंनी कापडालगत कापा, आतला तुकडा चिमट्याने थोडा थोडा काढा. नाहीच निघाला तर राहू द्या, टाक्याखाली झाकतो.

सैल पडण्याचं कारण कॅनव्हासची जाडी. टाका कापड आणि कॅनव्हास दोन्ही कवेत घेऊन बसलेला असतो, मधला कॅनव्हास गेला की तेवढी ढील उरते. म्हणून कॅनव्हासवर टाका नेहमीपेक्षा अंमळ ताणून घ्यायचा. किती? टाका कॅनव्हासच्या धाग्यात किंचित रुतलेला दिसला पाहिजे, पण खालच्या कापडाला सुरकुती पडता कामा नये. नेयगेत ढील सगळ्यात जास्त दिसते, कारण टाके लांब. 14 च्या कॅनव्हासवर एक घर साधारण 1.8 मिलिमीटरचं. वरून 5 घरांपेक्षा लांब टाका घेऊ नका, म्हणजे 9 मिलिमीटर झाले. त्याहून लांब टाका बांगडीत, जोडव्यात अडकतो.

काढायची रीत: काम झालं की कॅनव्हास नक्षीपासून सेंटिमीटरभर सोडून कापा. आधी एका दिशेचे सगळे धागे काढा, मग दुसऱ्या दिशेचे. आडवे-उभे मिसळून ओढलेत की टाके ओढले जातात. धागा कापडाला समांतर ठेवून ओढायचा, वर उचलून नाही. कॅनव्हास खळीचा, कडक असेल तर ओल्या बोळ्याने टिपून पाचेक मिनिटं मऊ पडू द्या. पण ओलं करणं आलं म्हणजे तुमचा चौथा प्रश्न त्याआधी सुटलेला हवा.

मिठाने रंग पक्का होत नाही. सुती कापड रंगवताना रंग धाग्यात ओढला जावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, त्यावरून हा समज आला असावा. तयार धाग्यातून जो रंग सुटतो तो धाग्याला न चिकटलेला, वरचा रंग. तो धुऊन काढणं एवढाच उपाय. आधी चाचणी घ्या: 10 सेंटिमीटर धागा कोमट पाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती फडक्याच्या घडीत ठेवा, वर इस्त्री दाबा. फडकं गुलाबी झालं तर लडीचे कागद काढून ती दोन ठिकाणी सैल बांधा आणि कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार-पाच पाण्यांनंतरही रंग जात राहिला तर ती लडी साडीवर वापरू नका.

आणि काळी साडी? लाल धाग्याची काळजी घेताना मंडळी हे विसरतात की काळी साडीच आधी रंग सोडते. पांढरा किंवा पिवळा धागा एका धुण्यात राखाडी होतो. शिवाय कोरी इरकल खळीची असते आणि सुती अंग पहिल्या धुण्यात आटतं. कापड आटलं, नक्षी आटली नाही, की भोवती चुण्या येतात. म्हणून कोऱ्या साडीवर कसुती करायचीच नाही. एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कॅनव्हास टाचा.

काळी_चंद्रकळा:

उलट फिरून पाहिलं आणि चौकोन एका झटक्यात जमला! मागची बाजूही जुळली. साडी अजून कोरी आहे, त्यामुळे टाचलेला कॅनव्हास काढून आधी धुणार.

अजून दोन शंका. गोपुरात एक चौकोन दुसऱ्याला चिकटून आहे, मधली भिंत सामाईक. तिथे फेरी कुठली आणि फांदी कुठली? आणि धागा मध्येच संपला तर?

दोनतारी:

बाहेरची कड एक फेरी धरा, मधली भिंत फांदी. कडेने जाताना भिंतीच्या पायथ्याशी आलात की भिंतीत शिरा. वर टोकाशी ती बाहेरच्या कडेला टेकते, तिथे थांबायचं आणि त्याच भिंतीने खाली यायचं. टेकली म्हणून तिथून पलीकडे निघून जायचं नाही. मग कडेने पुढे, सुरुवातीपर्यंत, आणि तिथून सगळी कड उलट. मोठ्या गोपुरालाही नियम एवढाच: नवी वाट दिसली तर आत जा, बंद वाटेला किंवा आधी आलेल्या छेदाला टेकलात तर वळा, आणि प्रत्येक घरावरून फक्त दोनदा जा. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने जाताना एक रेघ, परतताना दुसऱ्या रंगाची रेघ मारलीत तर चूक सुई घालायच्या आधीच दिसते. एवढं सांगूनही बहुतेकजणी कागद टाळतात आणि मग शनिवार-रविवार उसवण्यात जातो.

धागा संपण्याबद्दल आणि गाठीबद्दल एकदमच सांगते. धागा 45 सेंटिमीटरच घ्या. लांब धाग्याची तकाकी कॅनव्हासवर घासून जाते आणि गुंता होतो तो वेगळाच. जमलं तर एका धाग्यात जाणं आणि दुसऱ्यात परतणं असं बसवा. नवा धागा, जुना जिथे आणि ज्या बाजूला संपला तिथूनच काढायचा: जुना मागच्या बाजूला संपला असेल तर नवाही मागूनच सुरू, नाहीतर वर-खालीची लय मोडते.

सुरुवातीचं टोक 7–8 सेंटिमीटर मागे मोकळं सोडा. वाट पुरी झाली की सुई सुरुवातीच्याच छेदाशी परत येते, म्हणजे दोन्ही टोकं एकाच ठिकाणी असतात. प्रत्येक टोक बारीक सुईत ओवून भरलेल्या ओळीच्या 5–6 टाक्यांना मागून नागमोडी गुंडाळा, एक टाका मागे वळवा आणि कापा. सुरुवातीला टोकच नको असेल तर धागा नक्षीच्या मध्यावरून सुरू करा: अर्धा धागा लोंबता ठेवून अर्ध्याने डावीकडची बाजू जाऊन-येऊन पुरी करा, मग लोंबत्या अर्ध्यात सुई ओवून उजवीकडची. मध्यावर टोक उरतच नाही.

मेथीदाणा:

एवढ्या धाग्याचा हिशोबही लिहून ठेवते, म्हणजे लाल रंग मध्येच संपणार नाही. समजा गोपुर 320 टाक्यांचं आहे. 14 च्या कॅनव्हासवर ओळीची लांबी साधारण 58 सेंटिमीटर, वरून-खालून मिळून 116. कापड-कॅनव्हासच्या जाडीचे वर दहा टक्के, म्हणजे 128. 45 च्या धाग्यातले टोकांचे 13 वजा जाता कामाचे 32 उरतात, तेव्हा एका गोपुराला 4 धागे, 1.8 मीटर. 8 मीटरच्या सहातारी लडीतून दोन तारांचा 24 मीटर धागा निघतो. एका लडीत साधारण 12-13 गोपुरं. सगळ्या लड्या एकदम, एकाच रंगक्रमांकाच्या आणि एकाच घाण्यातल्या (एकाच वेळी रंगवलेल्या) घ्या. नंतर आणलेला लाल शेजारी ठेवला की फरक दिसतोच, काळ्यावर तर लगेच.

जागेबद्दल: इरकलचा पदर अंगाला वेगळ्या ताण्याने (उभ्या धाग्यांनी) जोडलेला असतो, अंगाचा आणि पदराचा ताणा एकमेकांत फासे घालून अडकवलेला. त्या जोडावर टाका घालू नका. तिथे कापड दोन्ही बाजूंनी ओढलं जातं आणि नक्षी वाकडी होते. जोडापासून चार बोटं सोडून पहिली गोपुरं. जुन्या साड्यांत मोठी नक्षी पदराजवळ आणि पदरापासून दूर जाताना ती लहान लहान होत जाते. तुमच्या नक्षत्रांना तोच क्रम ठेवा.

काठपदर:

या सगळ्यात कॅनव्हास गृहीत धरलाय म्हणून लिहितेय. कसुती मुळात कापडाचे धागे मोजून होते, ना छाप ना जाळी. हातमागाच्या जाडसर सुतावर ते आजही शक्य आहे: ताण्याचे 3 आणि बाण्याचे (आडवे) 3 धागे म्हणजे एक घर, असं ठरवून बोथट 26 नंबरच्या सुईने. कॅनव्हासची ढील नाही, ओढकाम नाही, मागची बाजू जास्त स्वच्छ.

उसवण:

मान्य, पण सगळ्या इरकलवर नाही. बारीक सुताच्या काळ्या कापडावर धागे मोजणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. शिवाय ताणा-बाणा सारखा घट्ट नसेल तर 3×3 चं घर चौकोनी न येता लांबट येतं, आणि शंकरपाळा चपटा होतो. आधी इंचभर उभे आणि इंचभर आडवे धागे भिंगाखाली मोजा. फरक दोन-तीन धाग्यांचा असेल तर मोजून करा, दहाच्या पुढे असेल तर कॅनव्हास.

काठपदर:

भिंगाची गोष्ट बरोबर. फरक जास्त असेल तर उभे 3 आणि आडवे 4 असंही घर धरता येतं, पण मग नक्षी त्या मापाने आधी कागदावर काढावी लागेल.

काळ्यावर मोजताना एक करा: मांडीवर पांढरा पंचा पसरा आणि दिवा खांद्यामागून न घेता समोरून, थोडा खालून येऊ द्या. धाग्यांमधल्या फटीतून पांढरं दिसतं आणि मोजणी चुकत नाही. कॅनव्हासवर काम करतानाही, टाका कापडात नीट उतरला की नुसता कॅनव्हासमध्येच अडकला, हे त्यानेच कळतं. असा नुसता कॅनव्हास पकडलेला टाका धागे ओढताना मोकळा होऊन हातात येतो, आणि तोवर रिंग पुढच्या गोपुरावर गेलेली असते.

काळी_चंद्रकळा:

माझ्या नमुन्यात कळसापाशी तसे दोन टाके निघाले होते, कारण आत्ता कळलं. साडी धुवायला टाकली आहे. पाणी पहिल्या दोन वेळा चांगलंच काळं आलं, तिसऱ्याला फिकं. अजून एक पाणी काढते.

उसवण:

फिकं नाही, स्वच्छ येईपर्यंत काढा. वाळत घालताना सावलीत, आणि पदराची लाल बाजू काळ्या अंगावर ओली लोंबू देऊ नका. दोन्ही वेगळ्या दोऱ्यांवर.